व्हॅनचं घड्याळ रोज १२:०० वर का येतं, आणि वेळ नीट कशी लावायची

अंबाजोगाईच्या एका व्हॅनमालकांनी विचारलंय: शाळेच्या मुलांची पेट्रोल व्हॅन आहे, दिवाळीच्या सुट्टीत नवीन स्टिरिओ बसवला. तेव्हापासून रात्री गाडी बंद केली की डॅशबोर्डवरचं घड्याळ वेळ विसरतं आणि सकाळी चावी फिरवली की १२:०० पासून सुरू होतं. स्टिरिओत लावून ठेवलेली स्टेशनंही पुसली जातात. शिवाय खराब रस्त्यावर कधी कधी चालत्या गाडीतच घड्याळ परत १२:०० वर येतं. गॅरेजवाला म्हणतो घड्याळ गेलं, नवीन टाका. टाकू का? आणि वेळ लावायची बरोबर पद्धत कोणती?

नवीन घड्याळ घेऊ नका. मी लातूरला गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. अशा तक्रारीत घड्याळ स्वतः खराब निघालेलं क्वचितच बघायला मिळतं. खराब असतो तो त्याचा सप्लाय. म्हणून पाना-पक्कड हातात घेण्याआधी एकच गोष्ट बारकाईने बघायची: वेळ नेमकी कधी जाते? चावी बंद केल्यावर, सेल मारताना, खड्ड्यात आपटल्यावर, की रोज थोडीथोडी मागे पडत? प्रत्येकाचं कारण वेगळं आणि जागाही वेगळी. तुमच्या गाडीत यातली दोन एकत्र आलीत, पण मला तरी दोन्हींचं मूळ एकाच जागी दिसतंय.

व्हॅनच्या घड्याळाला साधारण चार वायरी असतात. पहिली बॅटरीवरून फ्यूजमार्गे थेट येते आणि चावी बंद असली तरी चालू राहते. आमच्या धंद्यात तिला डायरेक्ट लाईन म्हणतात. दुसरी चावीवरची. ती आली की घड्याळाला कळतं गाडी चालू झाली, आणि आकडे दिसायला लागतात. तिसरी पार्किंग लाईटच्या स्विचवरून येते, तिच्यामुळे रात्री आकडे मंद होतात. चौथी अर्थ, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली. वेळ मोजायचं काम डायरेक्ट लाईनवर चालतं. रात्री आकडे दिसत नसले तरी आत मोजणी चालूच असते. ती लाईन क्षणभर जरी तुटली तरी मोजणी शून्यावर येते.

आता तुमच्या गाडीचं बघू. डायरेक्ट लाईन पूर्णच मेली असती तर बऱ्याच गाड्यांत घड्याळ दिवसाही लागलं नसतं. तुमचं दिवसभर व्यवस्थित चालतं. म्हणजे त्याला करंट मिळतोय, पण चावीवरचा मिळतोय. आणि स्टिरिओचीही स्टेशनं जातायत, म्हणजे त्यालाही तसाच मिळतोय. दोघांचा त्रास एकाच दिवशी सुरू झालाय, तर शोध स्टिरिओच्या मागच्या जोडापासूनच करायचा.

बाजारात मिळणाऱ्या स्टिरिओच्या वायरींचे रंग बहुतेक ठरलेले असतात. पिवळी डायरेक्टची, लाल चावीवरची, काळी अर्थची, नारिंगी पार्किंग लाईटची, निळी अँटेनाची किंवा अॅम्प्लिफायरची. बसवणारा घाईत असला की गाडीचं मूळ कपलर (वायरी एकमेकींत अडकवायचं प्लॅस्टिकचं सॉकेट) कापतो, पिवळी आणि लाल एकत्र पिळतो आणि दोन्ही चावीच्या लाईनवर टाकतो. गाणी वाजतात, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण पिवळीला रात्री करंट नसतो, म्हणून स्टिरिओ सगळं विसरतो. काही गाड्यांत घड्याळाचा डायरेक्ट फाटाही त्याच कपलरपासून पुढे जातो, मग त्याच्यासोबत घड्याळही जातं. तुमच्याकडे हेच झालंय असं मला वाटतं. याच्या उलटही करतात, दोन्ही वायरी डायरेक्टवर टाकतात. तेव्हा वेळ जात नाही, पण चावी काढल्यावरही सेट पूर्ण झोपत नाही आणि हळूहळू बॅटरी उतरवतो. हे दुसरं जास्त वाईट, कारण लवकर लक्षात येत नाही.

खात्री करायला मल्टिमीटर आणि टेस्ट लॅम्प (एका टोकाला सुई, दुसऱ्याला बॉडीला लावायची क्लिप असलेला छोटा दिवा) पुरेत. त्याआधी एक फुकटची तपासणी: चावी काढा, दार उघडा, केबिन लाईट लागतो का बघा. पुष्कळ गाड्यांत घड्याळ, केबिन लाईट आणि स्टिरिओची डायरेक्ट लाईन एकाच फ्यूजवर असते. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या नकाशात तिथे डोम, रूम किंवा बॅकअप असं काहीतरी छापलेलं असतं. लाईट लागला तर तो फ्यूज बहुतेक ठीक आहे, दोष पुढे जोडात आहे. लाईटही लागत नसेल तर आधी फ्यूज बघा. पात्याचा फ्यूज उपटायचीही गरज नाही. त्याच्या डोक्यावर दोन बारीक उघडे ठिपके असतात, चावी बंद ठेवून दोन्हींवर आळीपाळीने टेस्ट लॅम्पची सुई टेकवा. दोन्हीकडे उजेड म्हणजे फ्यूज चांगला. एकीकडेच उजेड म्हणजे उडालेला. दोन्हीकडे नाही, तर फ्यूजपर्यंतच करंट येत नाही. बदलताना त्याच अँपिअरचा टाका: लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा. नवीन फ्यूजही लगेच उडाला तर मोठा टाकू नका, तिथे वायर कुठेतरी बॉडीला लागलेली आहे. चॉकलेटची चांदी गुंडाळलेले फ्यूज अजूनही बघायला मिळतात. लहान मुलं बसणाऱ्या गाडीत तर हे अजिबात चालायचं नाही, वायरिंग पेटतं.

फ्यूज ठीक असेल तर स्टिरिओ बाहेर ओढा आणि चावी काढलेली असताना पिवळीवर मीटर लावा. डीसी २० व्होल्टची रेंज, काळी सुई बॉडीच्या रंग नसलेल्या एखाद्या बोल्टवर. शून्य आलं तर पिवळी चावीवर आहे, विषय संपला. बॅटरीइतकंच म्हणजे १२.५ च्या आसपास आलं, तरी लगेच समाधान मानू नका. मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, त्यामुळे एका केसाएवढ्या तारेवर टिकलेला गंजका जोडही मीटरवर पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. त्याच जागी टेस्ट लॅम्प लावा. दिवा मिणमिणला किंवा लागलाच नाही, तर जोड सडलेला आहे. एअरबॅगच्या आणि इंजिनच्या कंट्रोल युनिटच्या वायरींना मात्र टेस्ट लॅम्प लावायचा नाही, तिथे मीटरच.

खड्ड्यात वेळ जायचं कारण मला याच जोडात दिसतं. पिळून काळी टेप मारलेला जोड दिवाळीत घट्ट वाटतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर जातो आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डमागे त्याहून कितीतरी जास्त तापतं. टेपचा गोंद पातळ होऊन ओघळतो, टेप सरकते, आत धूळ बसते, पावसाळ्यात तांब्यावर हिरवा थर चढतो. मग गाडी आदळली की जोड निमिषभर सुटतो. दिव्याला किंवा हॉर्नला तेवढ्याने काही फरक पडत नाही, तुमच्या लक्षातही येत नाही. घड्याळाला तेवढा निमिष पुरतो. तुमची गाडी अजून एक उन्हाळाही न बघता असं करतेय, म्हणजे जोड मुळातच ढिला पिळलेला असणार.

दुरुस्ती अशी करून घ्या. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. जुने पिळे पूर्ण कापून टाका, वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत सोला. पिवळी मूळ डायरेक्ट लाईनला, लाल मूळ चावीच्या लाईनला. जोड सोल्डर करून वर हीटश्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) चढवा, किंवा चांगल्या थिंबलने (वायरीवर दाबून बसवायच्या धातूच्या टोपीने) दाबून घ्या. टेप मारायचीच असेल तर स्लीव्हच्या वर, आधार म्हणून. जोड पत्र्याच्या धारेला घासणार नाहीत असे बांधा, लोंबकळत सोडू नका. कपलर अजून शाबूत असेल तर सगळ्यात बरं: तुमच्या मॉडेलचं तयार सॉकेट मिळतं, मग गाडीची एकही वायर कापावी लागत नाही. स्टिरिओ बसवतानाच ते मागितलं असतं तर हा सगळा उद्योग वाचला असता. पुढच्या वेळी दुकानात आधी तेच मागा.

जोड नीट झाल्यावरही खड्ड्यात वेळ गेली तर अर्थ बघा. हेडलाईट आणि वायपर चालू करा, मीटरची एक सुई घड्याळाच्या अर्थच्या पिनवर, दुसरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर. ०.२ व्होल्टच्या वर काही दिसलं तर अर्थ कमजोर आहे. बॉडीवरचा बोल्ट काढून, खालचा गंज घासून, परत घट्ट करा. बॅटरीचे टर्मिनल हाताने फिरवून बघा, जराही हलता कामा नयेत. पांढरा-हिरवा क्षार चढला असेल तर खायच्या सोड्याच्या कोमट पाण्याने धुवा, कोरडं करा, कसा, वरून व्हॅसलीन लावा. आणि रात्री गाडी सोयाबीन, हरभऱ्याच्या पोत्यांशेजारी उभी राहत असेल तर डॅशबोर्डखाली टॉर्च मारा. उंदीर वायर पूर्ण तोडेलच असं नाही, नुसतं कव्हर सोलून सोडतो आणि ती उघडी वायर हादऱ्यात पत्र्याला लागते.

ज्यांच्या घड्याळाची वेळ फक्त सेल मारताना जाते, त्यांनी वायरिंग उघडूच नये, बॅटरी तपासावी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ च्या आसपास हवं. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल मारताना मीटर साडेनऊच्या खाली जाता कामा नये. सहा-सातवर आपटलं तर घड्याळाची मोजणी तिथेच पुसते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ येत असेल तर अल्टरनेटर बॅटरी नीट भरतोय, मग बॅटरी थकलीय किंवा टर्मिनल ढिले आहेत. अशा वेळी घड्याळाला शिव्या देण्यापेक्षा त्याचे आभार मानावेत. कारण काही आठवड्यांनी हीच बॅटरी मुलं गाडीत बसलेली असताना दगा देणार असते.

ट्रॅव्हलर, विंगरसारख्या मोठ्या गाड्या चालवणाऱ्यांना आणखी एक: बॅटरीला कट-ऑफ स्विच असेल आणि ड्रायव्हर रात्री तो बंद करत असेल, तर घड्याळ विसरणारच. तो दोष नाही. फारच गैरसोय होत असेल तर घड्याळाची डायरेक्ट लाईन कट-ऑफच्या आधीपासून, बॅटरीजवळच छोटा वेगळा फ्यूज टाकून, घेता येते.

वेळ पुसत नाही पण मागे पडते, ही तक्रार मे महिन्यात हमखास येते, आणि तिच्यात बऱ्याचदा दोष काहीच नसतो. घड्याळात क्वार्ट्झचा एक बारीक क्रिस्टल असतो, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि त्या मोजणीवरून एक सेकंद ठरतो. हा क्रिस्टल २५ अंशांच्या आसपास सगळ्यात अचूक चालतो. तापमान त्यापासून जितकं लांब जाईल तितका तो मंदावतो. गंमत म्हणजे कडाक्याच्या थंडीतही मंदावतोच, पुढे पळत नाही. ६५ अंशांच्या डॅशबोर्डमध्ये तो पूर्ण दिवस राहिला तर साधारण पाच सेकंद मागे पडेल. दुपारचे सहा-सात तासच एवढी उष्णता धरली तर दिवसाला सेकंद-सव्वा सेकंद. शिवाय चांगल्या क्रिस्टललाही मुळातच दिवसाला पावणेदोन सेकंदांची मागेपुढे सूट असते. तेव्हा उन्हाळ्यात महिन्याला मिनिट-दीड मिनिट फरक पडला तर घड्याळ निर्दोष समजा, वेळ सारखी करा आणि गाडी कडुलिंबाच्या सावलीत लावा. आठवड्याला पाच मिनिटं जात असतील तर मात्र ती उष्णता नाही. तिथे पुरवठा तुटतोय किंवा क्रिस्टल गेलाय.

बरोबर अर्ध्या तासाचा फरक असेल तर वायरीकडे बघूच नका. जीपीएसवर चालणाऱ्या अँड्रॉइड सेटमध्ये टाइम झोन चुकलेला असतो. आपली वेळ जागतिक वेळेच्या ५ तास ३० मिनिटं पुढे. यादीत कराची निवडलं असेल तर घड्याळ अर्धा तास मागे, ढाका निवडलं तर अर्धा तास पुढे. यादीत कोलकाता शोधा, तीच आपली वेळ.

आता वेळ लावणं. हे जोड दुरुस्त झाल्यावरच करा, नाहीतर रोजचंच काम होऊन बसेल. चावी ऑनवर ठेवा. इंजिन चालू करायची गरज नाही, पण नुसतं दार उघडून आकडे दिसत नसतील तर बटणं काम करणार नाहीत. घड्याळ वेगळं असून त्याला तीन बटणं असतील तर एच म्हणजे तास, एम म्हणजे मिनिटं. तिसऱ्यावर :०० लिहिलेलं असतं. ते बहुतेक लोक कधीच वापरत नाहीत, आणि कामाचं तेच आहे. मिनिटं तीसच्या आत असताना दाबलं तर घड्याळ मागच्या पूर्ण तासावर येतं, तीसच्या पुढे असताना दाबलं तर पुढच्या तासावर. म्हणजे ९:०२ दाखवतंय किंवा ८:५८, मोबाईलवर बरोबर नऊ वाजताच एकदा दाबा, सेकंदासकट वेळ जुळली. बटणं आत दबलेली असतील तर बॉलपेनच्या टोपणाचं टोक वापरा, सुई किंवा पिन खुपसू नका, खालचा रबर फाटतो. एम धरून ठेवलं की मिनिटं भराभर पळतात, म्हणून शेवटची दोन-तीन एकेक दाबून आणा.

घड्याळ स्पीडोमीटरच्या काचेत असेल तर बटण बहुतेक एकच असतं, ट्रिपचं. आधी एकेकदा दाबत फक्त वेळ दिसेल त्या पडद्यावर या. मग दोन-तीन सेकंद धरून ठेवा, तासाचे आकडे लुकलुकतील. थोडं थोडं दाबून तास लावा, परत धरून ठेवा, मिनिटं लुकलुकतील, ती लावा, पुन्हा धरून बाहेर पडा. किलोमीटरचा ट्रिप दिसत असताना बटण धरलं तर ट्रिप शून्य होईल, डिझेल-पेट्रोलचा हिशोब ठेवणाऱ्यांनी आधी आकडा लिहून घ्यावा. काही गाड्या चालत्या असताना वेळ लावूच देत नाहीत. एरवीही हे काम गाडी उभी करूनच करायचं. ताळा जुळवायला मोबाईल घ्या, पण त्यात वेळ ऑटोमॅटिक आहे ना ते आधी बघा. आकडे दिवसा दिसतच नाहीत अशी तक्रार असेल तर पार्किंग लाईट चालू राहिलाय का बघा, त्याने डिस्प्ले मंद होतो.

उन्हाळी सुट्टीचंही सांगून ठेवतो, कारण शाळेच्या गाड्या मे पासून जूनच्या मध्यापर्यंत उभ्याच असतात आणि बॅटरी उतरली की आळ घड्याळावर येतो. असं घड्याळ पाच मिलिअँपिअरच्या आसपास खातं असं धरा. पंचेचाळीस दिवसांचे साडेपाच अँपिअर-तासही होत नाहीत. ३५ अँपिअर-तासाची चांगली बॅटरी त्याने मरत नाही. मारतात ते चुकीचा जोडलेला स्टिरिओ, अॅम्प्लिफायर, जीपीएस ट्रॅकर. चावी काढून, सगळी दारं लावून, अर्धा तास थांबून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आणि त्यावरून काढलेली केबल यांच्या मध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेत लावा. पन्नास मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. तीनशे दिसले तर हीच बॅटरी चार-पाच दिवसांत झोपेल. एकेक फ्यूज काढत जा, ज्याला काढल्यावर आकडा पडतो तिकडे चोर आहे. मीटर असा लावलेला असताना चुकूनही सेल मारू नका. सुट्टीत आठवड्याला एकदा गाडी अर्धा तास फिरवून आणा, किंवा निगेटिव्ह काढून ठेवा. निगेटिव्ह काढलं तर वेळ जाणारच. जूनमध्ये परत लावायला दोन मिनिटं लागतात, आणि स्टिरिओला कोड असेल तर तो आधी लिहून ठेवा.

एवढं सगळं ठीक असूनही आकड्यांच्या रेषा तुटक दिसत असतील, किंवा बोटाने टिचकी मारल्यावर घड्याळ येत-जात असेल, तरच ते बाहेर काढायचं. एअरबॅगची गाडी असेल तर निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्या भागात हात घालू नका, आणि एअरबॅगची पिवळी कपलरं सोडू नका. खाच प्लॅस्टिकच्या पट्टीने उचला, स्क्रू-ड्रायव्हरने डॅशबोर्डला दात पडतात. आतल्या बोर्डवर बहुतेक वेळा एखाद्या रेझिस्टरच्या पायाभोवती सोल्डरला केसासारखी गोल भेग दिसते, भिंगातून सहज ओळखू येते. पंचवीस वॅटच्या बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने नवीन सोल्डर मारला की तेच घड्याळ परत चालतं. टीव्ही-मोबाईल दुरुस्त करणारा कोणीही हे करून देईल, त्यासाठी गाडीचा माणूसच लागतो असं नाही.

तुम्ही मात्र उद्या सकाळी चावी फिरवण्याआधी केबिन लाईट लागतो का तेवढं बघा, आणि चावी बंद असताना पिवळीवर मीटर काय दाखवतो आणि टेस्ट लॅम्प लागतो का ते कळवा. त्यावरून पुढची वायर सांगतो.